खर्चाच्या सवयी

पंख्याच्या वाऱ्यानं उडू लागलेली तीन रंगीत पत्रकं समाधाननं पाण्याच्या पेल्याखाली दाबली आणि बॅगेतून अर्ज काढून मांडीवर घेतला. पुण्याच्या एका बँकेची क्रेडिट कार्डं घेऊन तो बारामती एमआयडीसीतल्या कारखान्यांतून हिंडायचा. तिथल्याच एका कारखान्याच्या कँटीनमध्ये, तिथं कामाला असलेल्या रविंद्रनं त्याला गाठलं होतं आणि रविवारी घरी ये म्हणून सांगितलं होतं.

रविंद्रला कार्ड हवं होतं ते पुण्याच्या दवाखान्यासाठी. दोन वर्षं तो बायकोला, रश्मीला तिथं नेत होता. रोकड आतल्या खिशात कोंबून एसटीत बसायचं, वाटभर तो खिसा चाचपायचा, आणि तिथं पोचल्यावर काउंटरवरचा माणूस आणखी मागायचा. कार्ड असलं की हा घोर मिटेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. खरं तर मागच्या खेपेला डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं, की आता औषधांचा उपयोग नाही, यांना घरीच राहू द्या. परतताना बारामती येईपर्यंत रविंद्र शेळगावच्या शेतातल्या विहिरीबद्दल, तिच्यावरच्या मोटारीबद्दल, कशाकशाबद्दल बोलत राहिला. घरी आल्यावरही त्या गोष्टीला दोघांपैकी कुणी तोंड फोडलं नव्हतं.

समाधान समजावून सांगत होता. कार्डं दिसायला सारखी असली तरी माणसाचा पैसा जिकडं जातो तिकडं सवलत देणारं कार्ड घ्यावं, नाहीतर वर्षाची फी पाण्यात. एक होतं पेट्रोल-प्रवासासाठी. दुसरं हॉटेल, कपडालत्ता असल्या खर्चाला बरं. तिसऱ्यावर दवाखान्याचं बिल हप्त्यानं फेडता यायचं, शिवाय बायकोच्या नावाचं वेगळं कार्ड फुकट मिळायचं.

“हे तिसरं द्या,” रविंद्र म्हणाला.

तेवढ्यात रश्मी भिंतीला हात लावत बाहेर आली. डोक्याला तिनं सुती रुमाल बांधला होता. वडगाव निंबाळकरच्या शाळेत ती शिकवायची. दिवाळीपासून रजेवर होती. खुर्चीत बसून तिनं आधी दम खाल्ला.

“खर्च मला विचारा,” ती समाधानला म्हणाली. “यांना भाजीचा भावसुद्धा माहीत नसतो.”

समाधान हसला आणि त्यानं पेन उघडलं. रश्मी सावकाश, मुलांना शुद्धलेखन घालावं तशी सांगत गेली. जेवण दोन्ही वेळा बाहेर. रात्रपाळी असली की सकाळचा नाश्ताही बाहेरच. कपडे लाँड्रीत. शर्ट तयारच घ्यावे लागतील, शिंप्याकडून आणायचं यांच्या ध्यानात राहत नाही. मुलगी पुण्याला होस्टेलवर, म्हणजे दर सुट्टीला तिच्याकडं जाणं-येणं आलं. तिचेही कपडे तयारच घ्यायचे, पण एक माप मोठे, कारण ती झपाट्यानं वाढणार.

रविंद्रला आधी वाटलं, हिला गुंगी आली की काय. सकाळीच त्यानं घरची भाकरी खाल्ली होती. अंगातला शर्ट तिनंच शिंप्याकडून आणला होता. मुलगी मोनाली चौथीत होती, आणि या घडीला ओट्यावर बसून शेजारच्या पोरींशी सागरगोटे खेळत होती. दुरुस्त करायला म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि मग त्याला रश्मीचा चेहरा दिसला. ती ना त्याच्याकडं पाहत होती, ना समाधानकडं. ती बाहेर ओट्याकडं पाहत होती.



“दवाखान्याचा खर्च किती धरू?” समाधाननं विचारलं.

“दवाखाना लागणार नाही.”

“आणि तुमच्या नावाचं कार्ड?”

“तेही नको.”

समाधानला काही वावगं वाटलं नाही. असल्या खर्चाला हॉटेलवालं कार्डच चोख बसतं, असं म्हणून त्यानं अर्ज रविंद्रपुढं सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. रविंद्रनं पेन घेतलं. ते तसंच बोटांत राहिलं.

“हॉटेल खोडा,” तो म्हणाला.

“अं?”

“हॉटेल खोडा. होस्टेल बी खोडा. पोरगी हितंच ऱ्हाणार हाय.”

समाधान गोंधळला. त्यानं एकदा दोघांकडं पाहिलं. “मग दवाखाना लिहू का?”

ओट्यावर सागरगोटे पडल्याचा आवाज आला. पोरी कशावरून तरी भांडू लागल्या, थांबल्या.

“न्हाय,” रविंद्र म्हणाला. “दवाखाना नको.”

रश्मीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. समाधाननं कागद आवरले. असं असेल तर यांतलं एकही कार्ड तुम्हाला नीट बसत नाही, विचार करून कँटीनमध्ये सांगा, असं म्हणून तो गेला.

रविंद्र स्वयंपाकघरात गेला. फळीवरच्या डब्यांची झाकणं त्यानं एकेक उघडून पाहिली.

“तुरीची डाळ कशात असती गं?”

 खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि रश्मी दारात येऊन बसली.

“कडेचा डबा. तो न्हाय, त्यात हरभऱ्याची हाय. व्हय, तो.”

“किती घेऊ?”

“तिघांना एक वाटी.”

त्यानं वाटी भरली, शेगडीशेजारी ठेवली. पाठमोराच उभा राहून त्यानं विचारलं,

“आन् दोघांना?”

रश्मीनं डोक्याचा रुमाल नीट केला.

“पाऊण,” ती म्हणाली. “मोनाली वरण जास्त खाती.”