उग्नेच्या हातातला वाडगा

सायगॉनमध्ये नवीन आलेलं पोर मी लांबूनच ओळखतो. पाठीवर अख्खं घर घेऊन रस्त्याच्या कडेला उभं असतं, आणि समोर मोटरसायकली नाहीत, नदीला पूर आलाय असं तोंड करून बघत असतं. उग्ने तशीच उभी होती. लिथुआनियाची, वय असेल बावीस-तेवीस. मी माझ्या बाइकवर आडवा पडून मागच्या सीटसाठी गिऱ्हाइकाची वाट बघत होतो. तिच्या-माझ्यात मिळून शब्द तीस, बाकी हातवारे. मी एकदम गंभीर होऊन तिला शिकवलं, आमच्यात रस्ता ओलांडताना येणाऱ्या प्रत्येक बाइकवाल्यापुढे वाकायचं असतं.

पोरगी दोन दिवस गावभर वाकत फिरली. मग हॉटेलवालीनं तिला खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून माझ्याकडे बघायची ती पाकीटमाराकडे बघावं तशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती लायताईच्या गाडीवर नूडल्स खायला आली. ताईची गाडी फूटपाथवर लागते, म्हणजे लावायची बंदी आहे तिथंच. यंदा पालिकेनं तिच्या दोन गाड्या उचलल्या होत्या. ही तिसरी. ही गेली तर चौथीसाठी विकायला तिच्या कानात काही उरलं नव्हतं.

उग्नेनं पहिला घास घेतला आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं पंप दोनदा खांबावर आपटला.

पालिकेचा ट्रक.

आमचा फूटपाथ रिकामा व्हायला मिनिटसुद्धा लागत नाही. गिऱ्हाइकं वाडगे घेऊन खात खात बोळात शिरली. ताईनं उग्नेच्या बुडाखालचं स्टूल ओढलं, पायाशी ठेवलेली तिची सॅक गाडीवर टाकली आणि गाडी ढकलत बोळात दिसेनाशी झाली. सॅक टाकली ते बरंच केलं, नाहीतर स्टुलांबरोबर तीही ट्रकात गेली असती. पण हे उग्नेला कोण सांगणार? ती भर फूटपाथवर एकटी उभी. हातात वाडगा, आणि सॅक गायब.

ट्रकातून थाकसाहेब उतरले.

"काय खिएम, पाहुणी उभ्यानं जेवतेय?"

"त्यांच्याकडे असंच खातात साहेब. पचायला बरं."

"वाडगा कुणाचा?"

"माझ्या बायकोचा."

"तुझी बायको दोन वर्षं झाली माहेरी जाऊन."

"वाडगा राहिला ना इथंच. रागात माणूस सगळं थोडंच उचलतो?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी वाडग्यात डोकावून बघितलं. वाफ येत होती.

"बायको गेली आणि रस्सा अजून गरम?"

मी नवीन थाप जुळवायला लागलो.

आणि तेवढ्यात उग्नेनं आजूबाजूला बघितलं. "बॅग," ती म्हणाली. मग जोरात, "पासपोर्ट."

हा शब्द साहेबांनाही कळतो. "चोरी झाली?" त्यांनी बोळाकडे मान वळवली. दुसऱ्या दाराच्या आडोशाला ताईची गाडी, आत शेगडी पेटलेली. चार पावलं गेले असते तर धूरच दिसला असता.

उग्नेचा हात वर जायला लागला. गाडी कुठं गेली ते तिनं बघितलं होतं.

"बॅग आहे," मी पुटपुटलो. "ठीक. गप्प."

तिनं माझ्याकडे बघितलं. विश्वास ठेवायचं काही कारण नव्हतं तिच्यापाशी, हे मला कुणी सांगायला नको. त्यातून माझं तोंडच असं आहे की खरं बोललो तरी लोक खिसे चाचपतात. मी बाइकची किल्ली काढली आणि तिच्या वर चाललेल्या हातात ठेवली. हसलो नाही. हसू दाबायचीही गरज पडली नाही.

तिची किल्ली बघून झाली, मग मला बघून झालं. साहेब वाट बघत होते.

"बॅग? चोर?" त्यांनी विचारलं.

तिनं मूठ मिटली. नाही म्हणून मान हलवली. वाडगा तोंडाला लावून घोट घेतला आणि म्हणाली, "तिखट."

आमच्या तीस शब्दांतला होता तो. पण कधी वापरायचा हे तिला मी शिकवलं नव्हतं.

साहेब जागचे हलेनात. बोळाकडे बघत राहिले. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, मग आणखी एकदा दिला. शेवटी ते वळले.

"वाडगा धुऊन ठेव," जाता जाता म्हणाले. "बायको आली तर विचारेल."

ट्रक वळणापलीकडे गेल्यावर मी उग्नेला बोळात नेलं. सॅक गाडीवर होती तशीच. ताईनं आधी वाडगा बघितला, फुटलेला नाही ना, मग तिच्याकडे बघितलं. उग्ने जमिनीवर बसली आणि सॅक उपसायला लागली. मोजे, टॉवेल, दोन पुस्तकं, पासपोर्ट. एकेक वस्तू बाहेर, एकेक परत आत.

मी हात पुढे केला. तिनं किल्ली खिशात टाकली आणि रिकामा वाडगा ताईपुढे धरला.

बोळाच्या तोंडाशी माझं रोजचं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. बाजारात जाणारी जाड बाई, वेळेची पक्की. रस्त्यावर माझी बाइक, बोळात मी, आणि मी काही हलत नाही हे बघून ती पलीकडच्या बाइकवाल्या हाऊच्या मागे बसून गेली.

"ताई, किल्ली दे म्हणून सांग ना तिला."

"मी कशाला मधे पडू?" ताईनं वाडगा काठोकाठ भरला, वर मांसाचे दोन तुकडे जास्तीचे टाकले. "खा पोरी. सावकाश खा."