पाणी आत ओतणारा डोल

मित्रांनो, मी एका होडीचा डोल आहे. होडीत शिरलेले पाणी उपसून बाहेर टाकायचे, एवढेच माझे काम. वय बेचाळीस, अंग लाकडी, मूठ जराशी झिजलेली. आमच्या चिलोए बेटांवर माझ्यासारखे आता फार उरले नाहीत. लोक प्लॅस्टिकचा डबा तिरका कापतात आणि त्यालाच डोल म्हणतात. म्हणोत बापडे.

एलिओदोरो मिस्त्रींनी ज्या सायप्रस झाडाच्या लाकडातून दोरालिसा ही होडी बांधली, त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यातून मला कोरले. म्हणून दोरालिसाला मी माझी थोरली बहीण मानतो. तिला रंग मिळाला, नाव मिळाले. मला मूठ मिळाली. तक्रार नाही.

आमचा पहिला मालक बाल्दोविनो हा मासेमार. माणूस तोंडाचा फाटका, पण होडीच्या बाबतीत आईसारखा. पाऊस पडून गेला की जेवण अर्धे टाकून यायचा आणि होडीत साचलेले पावसाचे पाणी माझ्याकडून उपसून घ्यायचा. "खारं पाणी लाकूड राखतं, गोडं पाणी लाकूड खातं," असे तो म्हणे. दर वसंतात तो होडी भरतीच्या पाण्याबरोबर वाळूवर आणून उभी करी. ओहोटी लागली की सहा तास हातात. तेवढ्यात शेवाळ खरवडायचे, चाकूचे टोक टोचून फळी कुठे मऊ पडली का ते बघायचे आणि फळ्यांमधल्या फटींत आलेर्से झाडाच्या सालीचा काथ्या ठोकून भरायचा. पाणी परत येईपर्यंत काम संपलेच पाहिजे, कारण समुद्र कोणासाठी थांबत नाही. सणाच्या जेवणात तो मला उंच धरून सांगायचा, "हा नसता तर माझी बायको कधीच विधवा झाली असती." मग एका हिवाळ्यात तो अंथरुणातच गेला आणि त्याच्या बायकोने आम्हा दोघांना विकून टाकले.

आम्हाला घेतले ओतिलियाने. शिंपल्या डब्यात भरण्याच्या कारखान्यात तिने अठरा वर्षे काढली होती. आयुष्य समुद्राकाठी गेले, पण होडीची मालकीण ती पहिल्यांदाच होत होती.

तिला होडी हवी होती ती आईसाठी. तिची आई दोमितिला ही एक्याऐंशी वर्षांची, समोरच्या लिन्काय बेटावर एकटी राहणारी. तिथे बोट जाते फक्त बुधवारी आणि शनिवारी. म्हातारी मध्येच आजारी पडली तर करायचे काय? ओतिलियाचा भाऊ गुमेर्सिंदो याने ठरवले होते की आईला आपल्याकडे, पोर्तो मोन्त शहरात न्यायचे. म्हातारीला बेट सोडायचे नव्हते. शेवटी भावाने बहिणीला सांगितले, "एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी आईला न्यायला येतोय. त्याआधी तू स्वतःच्या होडीतून तिच्या दारात पोचलीस, तर ती राहील तिथेच. नाहीतर माझ्याबरोबर चालली."

ओतिलिया हट्टाला पेटली. डिसेंबरात तिने बैल लावून दोरालिसाला घरामागच्या पत्र्याखाली ओढून नेले आणि चार महिने तिची अशी सेवा केली की काय सांगू. घासले, खरवडले, पिवळा रंग दिला, कडेला निळी रेघ ओढली. आमच्याकडे डिसेंबरात उन्हाळा लागतो, आणि नेमका त्या उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडलाच नाही. फळ्या सुकल्या, आकसल्या, फटींत बोट जाऊ लागले. तेव्हा तिने जुना काथ्या उपटून टाकला आणि दुकानातून लांबी आणून भरली. वाळली की दगडासारखी होते, ती लांबी. मला मात्र तिने स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगले आणि माझ्यात लसूण ठेवला. "जुना आहे, शोभून दिसतो," म्हणाली. मित्रांनो, शोभेला ठेवलेल्या वस्तूकडे कोणी बघत नाही. मला उभी चीर गेली, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

त्या शनिवारच्या आधीच्या सोमवारी दोरालिसा पाण्यात उतरली. वीस वल्ही मारून होतात न होतात तोच ओतिलियाचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात. ती कशीबशी काठाला आली, धावत घरात शिरली, लसूण जमिनीवर ओतून मला घेऊन परत गेली. पण मी जेवढे पाणी उचलत होतो, तेवढे माझ्याच चिरेतून गळत होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे काडीच चिरलेली होती. मला फार लाज वाटली.

लोकांनी होडी वाळूवर ओढली. गर्दीतून काठी टेकत एलिओदोरो मिस्त्री आले. आता ते चौऱ्याऐंशीचे. त्यांनी फटीवरून नख फिरवले.

"ही लांबी कोणी सांगितली?"

"दुकानदाराने. म्हणाला, हिच्यातून हवासुद्धा जायची नाही."

"खरंच बोलला. पण फळी पाण्यात फुगते, पोरी. फुगायला तिला जागा लागते. तू त्या जागेत दगड भरलास, तो होडी हलली तसा तडकला आणि पाणी आत आलं. ही अशीच पाण्यात राहिली असती ना, तर फळ्यांनी एकमेकींना रेटून आतल्या फासळ्या मोडल्या असत्या."

"मग आता काय करू?"

"लांबी सगळी उकरून काढ. काथ्या भर, पण सैल. आणि मग बुडव."

"काय बुडवू?"

"होडी."

"मिस्त्री, सकाळपासनं ती तेच तर करतेय."

"ती तिच्या मनाने बुडत होती. आता तू बुडव. तळाला बूच लाव, म्हणजे ओहोटीतही आत पाणी राहील, दगड घाल, सहा दिवस पाण्याखाली ठेव. लाकूड पाणी पिईल आणि आपल्या आपण मिटेल."

ओतिलियाचे डोळे भरून आले. "चार महिने घासलीय मी तिला. शनिवारी गुमेर्सिंदो येतोय. आणि तुम्ही मला सांगता, तिला बुडव?"

मिस्त्रींनी मला उचलले, हुंगले, "लसूण!" म्हणून नाक मुरडले आणि माझी चीर तिच्या डोळ्यांसमोर धरली. मग मला पाण्याच्या बादलीत टाकून वर एक धोंडा ठेवला. "उद्या सकाळी बघ," एवढे सांगून ते घरी गेले.

त्या बादलीत मला काय वाटले ते सांगू? दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला घोटभर पाणी मिळावे तसे वाटले. सकाळी ओतिलियाने मला बाहेर काढले, काठोकाठ भरले आणि तोंडासमोर धरून उभी राहिली. एक थेंब गळला नाही. तिने मला खाली ठेवले आणि छिन्नी शोधायला गेली.

दोन ओहोट्या लांबी उकरण्यात आणि काथ्या भरण्यात गेल्या. बुधवारी दोरालिसाच्या पोटात दगड भरले आणि भरती आली. पिवळा रंग गेला, निळी रेघ गेली, शेवटी नावही पाण्याखाली गेले. ओतिलियाने तोंड फिरवले. मला तीही सोय नव्हती.

ओहोटीला होडी उघडी पडे. तेव्हा वरच्या फळ्या वाऱ्याने सुकू नयेत म्हणून तिच्यावर भिजलेली पोती घालायची आणि सारखे पाणी ओतायचे. ओतायचे कशाने? माझ्याने. जन्मभर मी पाणी बाहेर टाकले आणि आता तेच पाणी मला माझ्या बहिणीच्या अंगावर ओतावे लागत होते. शिंपल्या वेचणाऱ्या बायका येता-जाता थांबत.

"ओतिलिया, होडीला माते-चहा पाजतेस होय? साखर घातलीस का?"

"तुमच्या नवऱ्यांपेक्षा कमीच पिते ती," ओतिलिया म्हणे, आणि पुढचा डोल ओते.

शनिवार उजाडला. मिस्त्रींनी फळ्यांवरून हात फिरवला. "अजून दोन-तीन दिवस."

"आज निघाले तर?"

"पोचशील. उपसत उपसत पोचशील. मग तुझा भाऊ विचारील, असल्या होडीच्या भरवशावर आईला ठेवू का? त्याला काय सांगशील?"

ओतिलियाने समोरच्या बेटाकडे बघितले. मला वाटले, आता ही दगड बाहेर फेकणार. मनातून मलाही तेच हवे होते. जायला तर पाहिजे होते ना? पण तिने मला उचलले, भरले आणि पुन्हा ओतू लागली. रडत होती आणि ओतत होती.

दुपारी लिन्कायहून शहराकडे जाणारी बोट आमच्या धक्क्याला लागली. गुमेर्सिंदोने सकाळीच बेटावर जाऊन म्हातारीला बोटीत बसवले होते. तिच्याजवळ एक गाठोडे आणि टोपलीत एक कोंबडी होती. गुमेर्सिंदोने बोटीच्या कठड्यावरून आमच्याकडे हात केला.

"बघ आई. मी म्हटलं नव्हतं? बाईसाहेब होडी बुडवून बसल्यात."

म्हातारीने बघितले. मग कोणाला न विचारता बोटीच्या उतरायच्या फळीवरून खाली उतरली आणि वाळू तुडवत आमच्यापाशी आली.

"दगड कोणी घातले?"

"मीच," ओतिलिया मान खाली घालून म्हणाली.

"बूच लावलंयस?"

"लावलंय."

"कितवा दिवस?"

"चौथा."

म्हातारीने वळून हाक मारली, "गुमेर्सिंदो, माझी कोंबडी उतरव."

"आई, बोट सुटेल."

"सुटू दे. तुझ्या बापाला त्याच्या होडीच्या पहिल्या वर्षी एवढा धीर नव्हता. दोनदा बुडता बुडता वाचला, तेव्हा शिकला. ही काठावरच शिकली. मी थांबते इथे होडी तयार होईस्तोवर." मग तिने ओतिलियाच्या हातातून मला घेतले. "सरक तिकडे. त्या कोपऱ्यातली फळी सुकत चाललीय."

तिच्या हाताला माझी मूठ नेमकी बसली. गुमेर्सिंदो कोंबडी घेऊन उतरला आणि बोट त्याला मागे टाकून निघून गेली.

मंगळवारी आम्ही निघालो. त्याआधी सगळ्यांनी दगड काढले आणि मी दोरालिसाला कोरडी केली. तेवढ्या आनंदाने मी जन्मात कधी पाणी उपसले नव्हते. वल्ही गुमेर्सिंदोने मारली. शहरातले हात, अर्ध्या वाटेतच फोड आले, पण त्याने वल्ही सोडली नाहीत.

मित्रांनो, तुम्ही कधी होडी घेतलीत तर रंगाचा डबा उघडण्याआधी ज्याने होडी बांधली, त्याचे दार ठोठावा. नुसत्या मायेने वस्तू सांभाळली जात नाही. ओतिलियाने माया काही कमी केली नव्हती. त्या मायेनेच आम्ही दोघे तडकलो. जिची काळजी घ्यायची तिला काय हवे, ते आधी समजून घ्यावे लागते, मग ती होडी असो की म्हातारी आई.

लिन्कायच्या वाळूवर होडी टेकली. म्हातारी उतरली, घराकडे चालू लागली आणि मागे न बघता म्हणाली, "गुमेर्सिंदो, बटाटे काढायचं फावडं दारामागे आहे."

गुमेर्सिंदोने बहिणीकडे पाहिले. मग वाकून होडीच्या तळावरून हात फिरवला आणि तो हात तिला दाखवला. हात नुसता ओलसर होता.

"दर शनिवारी येशील?" त्याने विचारले.

"दर शनिवारी," ओतिलिया म्हणाली.

तो फावडे आणायला गेला.