राणीमाशीच्या प्रकरणातली डुलकी

बाईंचे यजमान जाऊन बराच काळ लोटला होता, आणि अजून एकदाही ते बाईंच्या स्वप्नात आले नव्हते. इतरांकडे मात्र त्यांची ये-जा जोरात चालू होती. नणंदेच्या स्वप्नात तर ते इतक्या नियमाने जात, की जिवंतपणी हा माणूस बहिणीकडे असा फिरकला असता तर तिची निम्मी कुरकुर संपली असती. ती सकाळीच फोन करायची. "वहिनी, दादा आला होता गं काल. पांढरा शर्ट घातला होता. हसत होता नुसता." बाई म्हणायच्या, "हो का, बरं झालं," आणि फोन ठेवल्यावर भांडी जरा जोरात लावायच्या. पुढे एकदा कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्याही स्वप्नात ते जाऊन आले. त्याने हे कौतुकाने सांगितलं तेव्हा बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्याशी उभ्या जन्मात नमस्कारापलीकडे बोलणं नाही त्याच्याकडे जायला वेळ आहे, आणि जिच्याबरोबर सगळा संसार केला तिच्याकडे फिरकायला नको?

त्यांनी आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं. पलंगाच्या त्यांच्या बाजूला झोपून पाहिलं. उशाशी त्यांचा स्वेटर ठेवला. झोपण्याआधी मनातल्या मनात रीतसर बोलावणं धाडलं, मग रागावून पाहिलं, मग गयावयाही करून झाल्या. काही उपयोग नाही. सकाळी डोळे उघडावेत तर डोकं कोरं. बाईंना याचं फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं हे कुणाला सांगायचीही लाज वाटायची. लोकांना काय, लोक म्हणणार, म्हातारपणी कसली हौस.

शेवटी लेक म्हणाली, "आई, घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पड," आणि तिने त्यांना वाचनालयात नेऊन सोडलं. तिथे वरच्या मजल्यावर दृष्टी गेलेल्या लोकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. बाईंनी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी काढली होती, त्यामुळे आवाज स्वच्छ आणि शब्द न् शब्द सुटा. पहिल्याच दिवशी त्यांना ठेवून घेतलं. मोबदला म्हणाल तर एक कप चहा आणि खोलीची किल्ली.

खोली पूर्वी अडगळीची होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठोकलेले होते. मध्ये टेबल, त्यावर माइक, त्याच्यापुढे एक कुरकुरणारी खुर्ची. वाचताना पंखा बंद ठेवायचा, कारण त्याची घरघर पुस्तकात जाते. दार लावलं की बाहेरचं जग कुणीतरी उचलून नेल्यासारखं व्हायचं. बाईंना ती खोली पहिल्या दिवसापासून आवडली. आपण बोलतोय आणि कुठेतरी कुणीतरी अनोळखी माणूस ते ऐकणार आहे, या विचाराने त्यांना बरं वाटायचं. ऑपरेटरच्या नोकरीत तरी वेगळं काय होतं?

वाचनालयाचा हा विभाग सांभाळणारे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांचा नियम एकच होता, पण लोखंडी. "जे छापलंय तेच वाचायचं. चूक छापली असेल तर चूक वाचा. आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही." बाईंचं वाचन झालं की ते तपासणारे काका, त्यांना सगळे कानवाले काका म्हणत, पुस्तक हातात धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत आणि एकही शब्द इकडचा तिकडे झालेला चालवून घेत नसत. त्यांनी मान हलवली की सीडी तयार व्हायची, मशीनमधलं मूळ वाचन पुसलं जायचं आणि सीडी पोस्टाने रवाना व्हायची.

त्या उन्हाळ्यात बाईंच्या वाट्याला मधमाशीपालनाचं पुस्तक आलं. एकाच माणसाने ते मागितलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्याला मधमाश्यांविषयी सगळं ठाऊक होतं आणि त्यातलं काहीही सोडून द्यायची त्याची तयारी नव्हती. पेटी कशी असावी, पेटीचं झाकण कसं असावं, झाकणाची कड कशी असावी. बाई वाचत होत्या. दुपार होती, पंखा बंद, गाद्यांनी भिंती जाड झालेल्या. राणीमाशीचं प्रकरण आलं. ओळी समोरून संथपणे जात होत्या आणि त्यांच्यातून बारीक गुणगुण आल्यासारखी वाटत होती, जणू पुस्तकच पेंगत असावं. मग खुर्ची कर्रकन वाजली, बाईंनी मान सरळ केली, बोटाखालची ओळ सापडली आणि त्या पुढे वाचत गेल्या. पापणी लवली असेल फार तर, असं त्यांना वाटलं. मानेला थोडी रग लागली होती, तिकडे त्यांनी दुर्लक्ष केलं.

सीडी गेली. काही दिवसांनी सरांनी बाईंना खाली बोलावलं. सर बुचकळ्यात पडलेले दिसले.

"त्या मधमाशीवाल्यांचा फोन होता," ते म्हणाले. "पुस्तक फार आवडलं म्हणाले. विचारत होते, राणीमाशीच्या प्रकरणात जे गृहस्थ येतात, ते पुढच्या सीडीत परत येतात का?"

"कोण गृहस्थ?"

"तेच मी म्हणतोय. मी पुस्तक पालथं घातलं. त्यात एकही गृहस्थ नाही. सगळ्या माश्या."

कानवाले काकांना बोलावलं. ते आले, त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. शेवटी म्हणाले, "आता लपवण्यात अर्थ नाही. राणीमाशीपाशी माझाही डोळा लागला होता. जाग आली तेव्हा बाई बरोबर वाचत होत्या. मी मान हलवून टाकली."

"तुमचाही म्हणजे?" सर म्हणाले, आणि दोघांनी बाईंकडे पाहिलं.

बाईंना मानेची रग आठवली, खुर्चीचा कर्र आठवला. आपण झोपेत बोललो! आणि काय बोललो? नणंदेचा उद्धार तर केला नसेल? दुकानदाराचा? आयुष्यभर लाखो लोकांचं बोलणं जोडून दिलं, पण स्वतःच्या तोंडून वावगा शब्द जाऊ दिला नाही, आणि आता पोस्टाने पाठवला! सर रागावले नाहीत, तेच त्यांना जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "मूळ तर पुसलं गेलंय. ती सीडी परत आणा बाई, आपण मोडून टाकू आणि प्रकरण नव्याने वाचू." बाईंनी ते जाडजूड पुस्तक पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या निघाल्या.

मधमाशीवाले गृहस्थ एका जुन्या इमारतीत राहत. बसचे ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर दृष्टी गेली. मुलगी कामावर गेलेली असायची. त्यांनी स्वतःच दार उघडलं. बाईंनी नमस्कार म्हणताच ते हसले.

"वाचनाच्या बाई! तुम्ही उंचीला लहान आहात, मला वाटलं नव्हतं. आवाज पार खालून येतोय. या, बसा. खिडकीकडे तेवढं जाऊ नका, तिकडे मंडळी आहेत."

खिडकीच्या बाहेर, छज्ज्याखाली, खरोखरच मधमाश्यांचं पोळं होतं. शेजारी ते जाळायच्या मागे लागले होते. ड्रायव्हरकाकांना मात्र त्या गुणगुणीची सोबत वाटायची, म्हणून शेजाऱ्यांशी चार गोष्टी माहितीने बोलता याव्यात याकरता त्यांनी पुस्तक मागवलं होतं. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर सीडी लावायचं यंत्र. सगळ्या वस्तू भिंतीला चिकटून, मधली जागा चालायला मोकळी.

बाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. डुलकी लागली, तपासणाऱ्यांनाही लागली, तुम्हाला भलतंच ऐकावं लागलं, माफ करा, सीडी परत द्या.

"म्हणजे ते पुस्तकातलं नव्हतं?" ड्रायव्हरकाकांचा चेहरा उतरला. "मग ते येऊन गेले, ते कोण?"

"मला काय ठाऊक? मला काहीच आठवत नाही."

"तुम्ही ऐकलंच नाही अजून?" ते म्हणाले, आणि चाचपडत न बसता थेट हात टाकून त्यांनी यंत्र सुरू केलं. जागा त्यांना पाठ होती.

बाईंचा आवाज आला. "राणीमाशीला हलवताना तिच्या पंखांना धक्का लागणार नाही याची..." शब्द लांबत गेले, विरले. मग नुसता श्वास. खिडकीतली गुणगुण आणि तो श्वास एकमेकांत मिसळून गेले, आणि बाईंना वाटलं, आता घोरणं ऐकावं लागतंय. पण श्वासातून आवाज वर आला. त्यांचाच, पण त्यांनी स्वतः कधी न ऐकलेला, सैल, घरातला.

"आलात? चपला बाहेर काढा."

मग बराच वेळ काही नाही. कुणीतरी पलीकडे बोलत असावं एवढा वेळ.

"बसा की. तिकडे कसली कामं पडलीत तुम्हाला?"

पुन्हा शांतता.

"कालही हेच म्हणालात. परवाही हेच. रोज येता, रोज तासन् तास बोलत बसता, आणि सकाळी उठले की माझ्या डोक्यात एक अक्षर उरत नाही. मग मला लोकांचं ऐकून घ्यावं लागतं ना." थोडं थांबून, "हसू नका. हसण्यासारखं काय आहे यात?"

बाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. यंत्रात त्यांचा आवाज शांतपणे म्हणाला, "बरं. उद्या लवकर या." मग खुर्ची कर्रकन वाजली, आणि कुठलीशी बाई टापटिपीने म्हणाली, "...काळजी घ्यावी."

ड्रायव्हरकाकांनी यंत्र बंद केलं. बाई रडत होत्या, आणि ते लपवायची गरज नव्हती म्हणून मोकळेपणाने रडत होत्या. रोज येता. त्या स्वतःच म्हणाल्या होत्या, साक्षीला माइक होता. इतके दिवस ज्या माणसावर डूख धरला, तो रोज येत होता, चपला बाहेर काढून बसत होता, आणि सकाळी त्या उठून त्याच्याच नावाने बोटं मोडत होत्या. आपलंच डोकं चाळणीसारखं गळकं, त्याला ते काय करणार? ते तर हसत होते. बाईंना एकदम त्यांचं हसणं इतकं जवळून आठवलं, की रडता रडता त्यांनाही हसू फुटलं.

"तुमचे हे का?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

"हो. आमचे हे."

"मला वाटलंच. अशी बोलणी पुस्तकात कुठून येणार." त्यांनी यंत्रावरून हात फिरवला. "मी रोज लावतो हे. 'चपला बाहेर काढा' ऐकलं की बरं वाटतं. आमची पण हेच ओरडायची." मग त्यांनी यंत्रातून सीडी काढली, कडेने अलगद धरली आणि पुढे केली. "ही घ्या. सरांना देऊ नका पण. स्वतःजवळ ठेवा, तुमची आहे."

बाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"राहू दे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "मला काय करायची आहे? माझ्याकडे ते रोज येतात."

"आणि सरांना काय सांगणार?"

"सांगेन, म्हातारे हेकट आहेत, देत नाहीत."

"तेवढं खरंच आहे," ड्रायव्हरकाका खूश होऊन म्हणाले.

तरी राणीमाशीची काळजी अर्धवट राहून कशी चालेल? छज्ज्याखाली सगळा संसार मांडून ती बसलेली, आणि शेजारी टपलेले. बाईंनी डोळे पुसले, पिशवीतून पुस्तक काढलं, पान शोधलं आणि माइकशिवायच वाचायला सुरुवात केली. ड्रायव्हरकाका पलंगावर भिंतीला टेकून, हाताची घडी घालून ऐकत होते. उन्हाची तिरीप जमिनीवरून हळूहळू सरकत होती. पंखा चालू होता, आज त्याला कुणाची मनाई नव्हती. राणीमाशी, तिच्या दासी, झाकण, झाकणाची कड. बाहेर गुणगुण, आत गुणगुण.

पान उलटताना बाईंनी वर पाहिलं. ड्रायव्हरकाकांची मान कलली होती. ओठ किंचित हलत होते, आणि कपाळावर अशी आठी होती, की जणू कुणी दारातून काहीतरी विचारतंय आणि त्याचं उत्तर ते देतायत. मग आठी विरली आणि चेहऱ्यावर थोडंसं हसू आलं.

बाईंना कळलं की आता थांबलो तर हे जागे होतील, आणि जे काय बोलणं चाललंय ते त्यांच्या हातून निसटून जाईल. उठल्यावर त्यांना काही आठवणारही नाही. न आठवू दे. त्यांनी आवाज थोडा खाली आणला, खुर्ची वाजू नये म्हणून अंग न हलवता पान उलटलं, आणि पुढचं प्रकरण वाचायला घेतलं.