न सांगितलेलं काम

धनजला फुलचंद शेठचं छोटं जिनिंग होतं. तिथं बाया सरकी काढायच्या यंत्रांत, रेच्यांत, कापूस घालायच्या आणि जानराव सरकीची पोती वाहायचा. पण इंजिनाच्या पट्ट्याला तेल देणं, कुणी आजारी असली तर तिच्या रेच्यावर बसणं, हे तो न सांगता करायचा. शेठ बघायचा आणि गप्प राहायचा.

एकोणीसशे त्रेपन्नच्या माघात तांड्यावरची रामीबाई तापानं फणफणली होती. घरी गेलं तर रोज बुडणार, म्हणून ती तशीच बसलेली. जानरावनं तिला उठवलं.

"तू तिकडं पड. मी घालतो कापूस."

थोड्या वेळानं त्याच्या सदऱ्याची बाही रेच्याच्या फिरत्या रुळात गेली. इंजिन बंद होईपर्यंत हातही गेला होता.

कारंज्याच्या दवाखान्यात हात कोपरापासून कापला. त्याची बायको गोजराबाई शेठकडे आली.

"त्याईले राखणीचं काम द्या."

"त्याचं काम पोते उचलाचं," शेठ म्हणाला. "रेच्यावर बसाले मी सांगतलं होतं काय?"

रामीबाई पुढं आली. "माह्यासाठी बसले ते, शेठजी."

"मंग तूच पोस त्याले."

दुसऱ्या दिवशी शेठनं सगळ्यांना बजावलं, ज्याचं काम त्यानंच करायचं. बायांनी ऐकून घेतलं.

चैत्रात कापसातून रेच्यात खडा आला, ठिणगी उडाली आणि सरकी काढलेल्या रुईच्या ढिगातून धूर निघाला. बाया उठून दाराकडे सरकल्या. शेठ एकटाच हौदातून पाणी उपसत होता. रामीबाईनं बादली उचलली, तशी शेजारच्या रेच्यावरच्या तुळसाबाईनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे. तुले काई झालं तं कोन पाह्यन?"

रामीबाईनं बादली खाली ठेवली. दुपारपर्यंत छपरासकट सगळं जळालं.

"बरं झालं," गोजराबाई घरी म्हणाली. जानराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

जिनिंग पुन्हा उघडलं नाही. तुळसाबाई काम शोधत कारंज्याला गेली. रामीबाई मिळेल त्या शेतात निंदायला जायची आणि बाजाराच्या दिवशी जानरावच्या घरी पदरात ज्वारी घेऊन यायची. गोजराबाई ती उंबऱ्यावरच घ्यायची. आत ये, बस, असं तिला कधी म्हणाली नाही.