कूलरमध्ये भिजलेली दोरी

जरा दोन पावलं मागं सरकून उभे राहा. मी बोलायला लागलो की खडे उडतात, आणि नंतर माझ्या नावानं बोंब नको.

मी गवत कापायचा कटर बोलतोय. पावतीवर माझं नाव लांबलचक आहे, पण नागपुरात मला कोणी त्या नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. वर पेट्रोलचं इंजिन, मध्ये लांब दांडा, खाली गोल डोकं आणि त्या डोक्यातून बाहेर आलेल्या नायलॉनच्या दोरीच्या दोन शेपट्या. इंजिन सुरू झालं की शेपट्या गरगर फिरतात आणि गवत कापतात. ना पातं, ना धार, नुसती दोरी. पहिल्यांदा पाहणारा हसतोच.

आम्हा कटरांची एक खोड आधीच सांगून ठेवतो. दोरी झिजली की आमचं डोकं जमिनीवर आपटायचं, मग आतून नवी दोरी सुटते. आमचं काम डोकं आपटल्यानं पुढे सरकतं. माणसंही अधूनमधून कपाळ बडवून घेतात, पण त्यांचं काम जिथल्या तिथं राहतं, असं मी पाहिलंय.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. कोणीतरी स्क्रू पिळले, कोणीतरी खोक्यात कोंबलं आणि ट्रकमध्ये हाडं खिळखिळी झाली. उजेड दिसला तो थेट इतवारीजवळच्या एका गल्लीत, शालिकरामच्या दुकानात. तिथल्या फळीवर माझ्या एका बाजूला बॅटरीवर चालणारी एक नाजूक बाई होती आणि दुसऱ्या बाजूला एक लालभडक दांडगा कटर. त्याला मी लाल्या म्हणायचो. गिऱ्हाईक आलं की आधी लाल्याकडेच बघायचं, आणि त्यानं तो आणखी फुगायचा. मी हिरवा, मध्यम अंगाचा, एक अख्खा पावसाळा न विकला गेलेला. दसऱ्याला शालिकरामनं सगळ्यांना हळदकुंकू लावलं, तेव्हा माझ्यावरची धूळ तेवढी ओली झाली.

एप्रिलच्या एका सकाळी दुकानात कांताबाई आल्या. साठी ओलांडलेल्या, अंगानं किरकोळ, चालताना गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या. सोबत त्यांचा मुलगा प्रेमानंद होता. तो कामठी ते नागपूर शेअर ऑटो चालवतो, त्यामुळे दोन मिनिटं कुठे थांबला तरी त्याला सवारी बुडाल्यासारखं वाटतं.

त्यांच्या बोलण्यावरून मला सगळं कळलं. कामठी रोडला महादेवरावांचं लग्नाचं लॉन आहे. आमच्या नागपुरात लॉन म्हटलं की गवताआधी लग्नाची पंगत आठवते. तिथलं मधलं मैदान कापायला ढकलायची मोठी मशीन आहे. पण भिंतीच्या कडा, झाडांचे बुंधे, फरशांच्या भेगा हे काम कांताबाई खुरपं आणि विळा घेऊन करत आल्या होत्या. उकिडवं बसायचं आणि बसल्या बसल्या पुढे सरकायचं. आता गुडघे बसू देईनात. महादेवराव म्हणाले होते, मशीन आणा, नाहीतर काम पिंटू ठेकेदाराला देतो.

"माय, घरी बस ना आता," प्रेमानंद म्हणाला. "मी हाय, भावना हाय. काहून करतं एवढं?"

"बसूनच तं गुडघे गेले माहे," कांताबाई म्हणाल्या. "आता उभ्यानं करीन. काम मी सोडत नाही."

शालिकरामनं रीतीप्रमाणे चहा सांगितला. कांताबाईंनी हात आडवा केला. "चाय आधी नाही गा. दुकानदाराची चाय आधी पेली का गिऱ्हाइकाचं तोंड बंद होते. कटर चालवून पाहू, बंद करू, मंग पिऊ. अन् चाय झाली का पुन्हा चालू करू."

दुकानामागच्या मोकळ्या प्लॉटवर आमची परीक्षा झाली. बॅटरीवाल्या बाईला पाहून कांताबाई म्हणाल्या, "घरच्या अंगणाले चांगली हाय, दिवसभर नाही पुरायची." ती काही रागावली नाही, तिला स्वतःची ताकद ठाऊक होती. मग लाल्या. पहिल्याच झटक्याला असा गरजला की गल्लीतली कुत्री पळाली. प्रेमानंद खूश. त्यानं थोडं गवत लोळवलं, बंद केलं आणि मग सगळ्यांनी उन्हात उभं राहून चहा घेतला. चहानंतर प्रेमानंदनं इंजिन सुरू करायची दोरी झटक्यानं ओढली. लाल्या गप्प. पुन्हा ओढली. पुन्हा गप्प. तापलेलं इंजिन रुसून बसलं होतं.

"थोडा थंडा होऊ द्या," शालिकराम म्हणाला. "कमीत कमी दहा मिनिटं."

"लॉनवर वरात थांबते का दहा मिनिटं?" कांताबाईंनी विचारलं.

मग माझी पाळी आली. मला चालवलं, बंद केलं आणि पुन्हा चहा आला. मी चहा पीत नाही, पण तो दुसरा चहा मला संपता संपेना असा वाटला. माझा पट्टा खांद्यावर घालून त्या तशाच उभ्या होत्या. हातानं उचलून वजन पाहणारे पुष्कळ, पण या बाई मला अंगावर लटकवून चहा पीत होत्या, कुठे रुततंय, कुठे ओढतंय ते पाहत होत्या. कप ठेवला आणि त्यांनी स्वतःच्या हातानं झटका दिला. मी उठलो. खरं सांगतो, एवढा आनंद मला तोवर कधी झाला नव्हता.

"बिघडला तं कोण पाहीन?" त्यांनी विचारलं. शालिकरामनं समोरच्या मेकॅनिकच्या दुकानाकडे बोट दाखवलं. "सामान भेटते?" भेटते. "मंग हाच दे."

प्रेमानंदचं तोंड उतरलं होतं. त्याची समजूत काढायला शालिकराम म्हणाला, "नाही पटला तर आठ दिवसांत आणून द्या, बदलून देतो."

हे वाक्य माझ्या डोक्यावर टांगत्या तलवारीसारखं लटकत राहिलं. कारण पुढचे आठ दिवस माझी पार फजिती झाली.

इंजिन झकास चालायचं. कांताबाईंची पाठही ताठ राहायची. पण माझी दोरी टिकेना. ऊन असं की फरशीवर पाणी सांडलं तर पुसायची गरज नाही, आणि दोरी त्या हवेत वाळून कडकडीत झालेली. भिंतीच्या कडेला गेलो की ताडकन तुटायची. डोकं आपटा, नवी दोरी काढा, चार हात कापा, की पुन्हा ताड. कधी कधी तर ती आतूनच तुटायची, मग डोकं उघडून, चष्मा लावून, पुन्हा गुंडाळत बसायचं. म्हणजे बाईंना मी परत खालीच बसवलं. मला फार वाईट वाटायचं.

त्यात महादेवरावांच्या मुलीचं, गोपिकाचं लग्न आलं. घरचं लग्न, घरच्याच लॉनवर. कडा अर्ध्याच झाल्या होत्या.

"कांताबाई, उद्या दुपारपर्यंत झालं नाही तं मी पिंटूले बोलावतो," महादेवराव म्हणाले. माणूस वाईट नाही, पण मुलीचा बाप होता आणि मांडववाले, कॅटरिंगवाले, फुलवाले सगळे त्याचं डोकं खात होते. "अन् एकदा त्याले बोलावलं का मंग पुढचं सगळं त्यालेच द्या लागते."

त्या संध्याकाळी घरी प्रेमानंदनं निकाल लावला. "उद्या आठवा दिवस हाय. दुपारी मी याले ऑटोत टाकून शालिकरामकडे नेतो. लाल कटर घेऊ."

कांताबाईंनी उरलेल्या दोरीचं भेंडोळं व्हरांड्यातल्या कूलरवर ठेवलं, मला कूलरला टेकवलं आणि आत गेल्या.

थोड्या वेळानं सूनबाई, भावना, नळी घेऊन कूलर भरायला आली. ही हसरी मुलगी, काम करताना गुणगुणते. तिनं पाणी भरलं, कूलरचं मागचं दार लावताना धक्का दिला आणि भेंडोळं गडगडत थेट टाकीत. डुबुक. तिच्या गुणगुणण्यात तिला ते ऐकूच गेलं नाही. मी ऐकलं, पण मला ओरडायचं तर कोणीतरी झटका द्यायला हवा. रात्रभर पंपाचं पाणी गवताच्या ताट्यांवरून झिरपत राहिलं आणि दोरी तळाशी पडून राहिली.

सकाळी शोधाशोध सुरू झाली. दुकानं उघडायला वेळ होता.

"इथंच ठेवली होती वं मी," कांताबाई म्हणाल्या.

भावनानं कूलरचं दार उघडलं आणि जीभ चावली. "आई, हे पाहा. रात्रभर पोहून राहिली हे."

"झालं," प्रेमानंद म्हणाला. "तसाही परतच द्यायचा हाय."

कांताबाईंनी ओलं भेंडोळं हातात घेतलं. चिडल्या असतील असं वाटलं, पण त्या दोरी वाकवून पाहत होत्या. वाकवली, पिळली, बोटाला गुंडाळली. काल हीच दोरी वाळल्या काडीसारखी मोडत होती.

"घर झाडाले नवा फडा आणला का आपण काय करतो वं भावना?"

"पाणी शिंपडतो. नाही तं काड्या तुटतात."

"मंग हे काय वेगळं हाय?" त्या म्हणाल्या आणि माझं डोकं उघडून ओली दोरी गुंडाळायला लागल्या. "चाल, तुह्या कूलरनं काय शिजवलं ते पाहू."

लॉनवर पहिल्या झटक्याला उठलो. भिंतीची कडा आली. मी मनातल्या मनात दोरी आवळून धरली, आता तुटेल, मग तुटेल. तुटली नाही. झिजली, डोकं आपटलं, नवी आली, पुन्हा पुढे. अशोकाच्या झाडांची रांग झाली, स्टेजची मागची बाजू झाली, फरशांच्या भेगा झाल्या. भावना मागून खराट्यानं कचरा ओढत होती आणि दर थोड्या वेळानं विचारत होती, "तुटली का?" कांताबाईंना माझ्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण त्या हसत होत्या, म्हणजे त्यांना प्रश्न कळत होता.

मध्ये चहा झाला. चहानंतर मी उठलो, हे सांगायलाच नको.

दुपारी प्रेमानंद मला न्यायला आला आणि फाटकाशीच थांबला. कडा वस्तऱ्यानं काढल्यासारख्या दिसत होत्या. पिंटू ठेकेदारही येऊन उभा होता, महादेवरावांनी त्याला तयारीत राहायला सांगितलं होतं. त्यानं माझ्या डोक्यावरची दोरी बोटानं चाचपली.

"मावशी, माह्यी तं या उन्हात टिकूनच नाही राहिली. कोणत्या कंपनीची हाय हे?"

"कूलरची," कांताबाई म्हणाल्या आणि त्याला सगळं सांगून टाकलं. लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. "रातभर भिजव गा. पोट्टे काय, दोरी काय, उन्हाळ्यात पाणी लागतेच."

प्रेमानंदनं मला ऑटोत ठेवलं नाही. त्यानं रुमालानं माझं इंजिन पुसलं. माफी मागायची त्याची रीत तशीच आहे.

गोपिका तेवढ्यात लॉन बघायला आली. लहानपणापासून ती याच लॉनवर खेळलेली. "मावशी, परवा तुम्ही यायचं. सगळ्यांना घेऊन या. अन् मागच्या दारानं नाही, समोरून या." महादेवरावांनी मान हलवली आणि म्हणाले, "अन् पुढचा सीजनही तुमचाच."

लग्नाच्या संध्याकाळी मी लॉनच्या कोठीतच होतो, दार अर्धवट उघडं होतं. कांताबाई पांढरीशुभ्र साडी नेसून समोरच्या कमानीतून आल्या. आजवर कितीतरी लग्नांची हिरवळ त्यांनी केली होती, पण पाहुणे यायच्या आत खुरपं घेऊन मागच्या दारानं त्या निघून जायच्या. दिवे लागलेलं हे लॉन त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. भावनानं खुर्ची ओढली. "बसा ना आई."

"थांब वं," त्या म्हणाल्या. "आतापर्यंत बसूनच पाह्यलं हे सारं. जरा उभ्यानं पाहू दे."

आणि त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला रडता येत असतं तर त्या दिवशी कोठीत चिखल झाला असता.

याला आता काही वर्षं झाली. माझा हिरवा रंग उडालाय, पट्टा दोनदा बदललाय, आणि कार्बोरेटर साफ केल्याशिवाय हिवाळ्यात मीही थोडे नखरे करतो. लाल्या कुणा फार्महाऊसवाल्यानं नेला, तिथं त्याला थंड व्हायला भरपूर वेळ मिळत असेल. तुम्हीही कधी माझ्या भावंडांपैकी कोणाला न्यायला आलात, तर रंग आणि आवाज बघून भुलू नका. अंगावर लटकवा, चालवा, बंद करा, निवांत चहा प्या आणि मग पुन्हा झटका द्या. उठला तर तो तुमचा. आणि त्याच्या दोरीला पाणी पाजायला विसरू नका.

माझं म्हणाल, तर उन्हाळा लागला की दोरीचा मुक्काम कूलरच्या टाकीत असतो आणि माझा कूलरशेजारी. सकाळी कांताबाई ओलं भेंडोळं बाहेर काढतात, निथळवतात आणि पट्टा खांद्यावर घेत मला म्हणतात,

"चाल गा, उभे राहू."