फुकटचं पुस्तक

"टाईमटेबलात तुमचं नाव न्हाई, म्याडम," शिपाई रामकिसन म्हणाला आणि नोटीस बोर्डाची काच पुसत राहिला.

मोहिनीने वरून खालपर्यंत पाहिलं. बी.एस्सी. पहिलं वर्ष, भौतिकशास्त्र. तिच्या तासांच्या चौकटींत एकच शब्द छापला होता : 'डिजिटल'.

ती या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. दरवर्षी नवा अर्ज, नवी ऑर्डर. इतक्या वर्षांत तिचं नाव कधी गळालं नव्हतं. ती तशीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली.

"बसा मॅडम," प्राचार्य म्हणाले. "यंदा हॉलमध्ये मोठा पडदा बसवलाय. तुमचं पुस्तक त्यावर दाखवायचं, मधून मधून व्हिडिओ. मुलांच्या मोबाईलमध्येही ते आहेच. मग तासिकेचा माणूस वेगळा कशाला, असं संस्थेचं म्हणणं पडलं."

"माझंच पुस्तक?"

"तुम्हीच लिहिलंय ना त्यावर, कुणीही मोफत वापरावं म्हणून?"

लिहिलं होतं. ते मराठीतलं पुस्तक तिने बिभीषण नावाच्या एका विद्यार्थ्यामुळे लिहायला घेतलं होतं. गणितात हुशार पोरगा, पण दहावीपर्यंत मराठीत शिकलेला. इंग्रजी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून नुसता बसायचा. दिवाळीनंतर तो आलाच नाही. पुढे माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करताना दिसला, तेव्हा पाठीवरचं पोतं उतरवून म्हणाला, "इषय कळत होता म्याडम. भाषाच आडवी यायची."

त्यानंतरची चार वर्षं मोहिनीच्या सगळ्या सुट्ट्या त्या पुस्तकात गेल्या. आकृत्यासुद्धा तिनेच काढल्या. तिचे वडील धुळाजी जन्मभर मेंढरांमागे हिंडलेले. त्यांनी एकदा विचारलं, "इकायचं न्हाई, तर कावून लिव्हतीस?"

"ज्याला पाहिजे त्याला मिळावं म्हणून, आबा."

धुळाजींनी जरा विचार केला. "मंग चांगलं हाय," म्हणाले.

पुस्तक तिने नेटवर ठेवलं आणि ते दूरदूर गेलं. कुठल्या कुठल्या गावांतून मुलांचे मेसेज आले. मागच्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह यांनी स्टेजवर बोलावून तिच्या खांद्यावर शाल घातली होती.

केबिनमधून निघून ती त्यांच्याच बंगल्यावर गेली. ओसरीत माणसं बसली होती. विजयसिंहांनी तिला खुर्ची द्यायला लावली, चहा सांगितला.

"म्याडम, तुमी लई मोठं काम केलं. आता एका वर्गाला शिकवीत बसायची तुमाला गरज काय?"

"दादासाहेब, वाचताना अडलं तर पोरांनी कुणाला विचारायचं?"

"मोबाईलला."

ओसरीतली माणसं हसली. विजयसिंह हसले नाहीत. त्यांना ते खरंच वाटत होतं. मोहिनी चहा न घेता उठली.

संध्याकाळी तिने पुस्तक नेटवरून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजची ग्रंथपाल तेजश्री हिचा फोन आला.

"तू पुस्तक काढलंस?"

"काढलं."

"काय उपयोग झाला, बाई? कॉलेजच्या साईटवर हाय की ते. पहिल्या पानावर दादासाहेबांचा फोटो, अन् तुझं नाव आत, बारीक अक्षरात. आता शोधलं की तेवढंच सापडतंय."

मोहिनीने खात्री करून घेतली. खरं होतं. तिने आपली प्रत पुन्हा चढवली. त्यानंतरही पुस्तक शोधलं की आधी विजयसिंहांचा हसरा चेहराच यायचा.

ऑगस्टमध्ये ती अनुभवाचा दाखला न्यायला कॉलेजात आली. हॉलवरून जाताना खिडकीशी थबकली. आत अंधार केला होता. पडद्यावर उतारावर ठेवलेला ठोकळा होता, तिनेच काढलेला. बाकांवर मुलं आपापल्या मोबाईलमध्ये मान घालून होती. कॉम्प्युटरपाशी रामकिसन स्टुलावर बसला होता. पान उलटायचं काम त्याला दिलं होतं.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. बराच वेळ तो तसाच राहिला.

"हात खाली घे, पोरी," रामकिसन हळूच म्हणाला. त्याचा आवाज ओशाळला होता. "पडद्याला दिसत न्हाई."

मुलीने हात खाली घेतला. पान उलटलं.

तास सुटल्यावर ती मुलगी बाहेर आली आणि मोहिनीला पाहून घुटमळली. "तुमी मोहिनी म्याडम ना? मी ऋतुजा. युसूफ वडगावची." तिने मोबाईल पुढे केला. "वजन तर सरळ खाली ओढतंय. मग ठोकळा तिरका कावून घसरतो?"

जवळ खडू नव्हता, फळा नव्हता. समोर एक मोटारसायकल उभी होती, सीटवर धूळ बसलेली. मोहिनीने त्या धुळीत बोटाने उतार काढला, ठोकळा काढला, वजनाचा बाण सरळ खाली ओढला. मग त्या बाणाचे दोन बाण केले. एक उतारात दाबणारा, एक उतारावरून खाली नेणारा.

"घसरवतोय तो हा," ऋतुजा एका बाणावर बोट ठेवून म्हणाली. "दुसरा नुसता दाबतोय."

"बरोबर. आता उतार वाढवला तर?"

ऋतुजा सीटवर वाकून विचार करू लागली. मोहिनी थांबली. तिला घाई नव्हती.

एवढ्यात विभागप्रमुख हातात चावी घेऊन आले. मोहिनीला पाहून "बऱ्या आहात ना?" म्हणाले. खिशातून फडकं काढून त्यांनी सीट पुसली, बसले आणि गाडी सुरू करून निघून गेले.

ऋतुजा मोकळ्या जागेकडे बघत राहिली. "घसरवणारा वाढंल," ती म्हणाली. "अन् दाबणारा कमी व्हईल."

"हो," मोहिनी म्हणाली.