वीस मिलिमीटरची चकती

मी एक जुनी चकती आहे, मित्रांनो. ॲल्युमिनियमची, तळहाताएवढी, आणि माझ्या अंगात कामाचं जे काही आहे ते म्हणजे मधलं भोक. चाकाला टाळ्या पडतात, इंजिनाला हार पडतात. भोकाला कोण विचारतो?

झाशीत आमचा जन्म झाला तो एका मरणामुळे. बरुआसागरच्या रस्त्यावर एका बंद वीटभट्टीच्या मैदानात अंड्याच्या आकाराचा ट्रॅक आहे. मोटारसायकलचं इंजिन, नळ्यांचा सांगाडा आणि चारही चाकं उघडी, अशा घरी बांधलेल्या गाड्या तिथे दर दसऱ्याला धावतात. गाड्या दरवर्षी जास्त पळू लागल्या आणि एका वर्षी जयसिंग भैयांची गाडी वळणावर भिंतीत घुसली. भैया जागीच गेले. मग कमिटी बसली आणि नियम झाला: प्रत्येक इंजिनानं हवा घ्यायची ती वीस मिलिमीटरच्या भोकातूनच. हवा कमी, तर जोर कमी, तर वेग कमी. नियम लिहिला कमलाकर यांनी. सरकारी कंपनीत तीस वर्षं लेथवर काढलेला सांगलीकडचा माणूस. आम्हा बारा चकत्यांना त्यांनीच घडवलं. मापाच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

आमची गाऱ्हाणी काय सांगू! ज्याची गाडी मागे पडे तो आम्हाला शिव्या घाली. "इस ढक्कन ने गला घोंट दिया," असं म्हणत एकानं मला चिखलात भिरकावलं होतं. जीव वाचला त्याबद्दल एकानंही कधी आभार मानले नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.

कमलाकरांची मुलगी तन्वी गाडी चालवायची. लेथही चालवायची, बापाकडूनच शिकलेली. गुणी पोर, पण तीन वर्षं लागोपाठ दुसरी आली आणि तिन्ही वेळा पहिला आला पियुष. पियुष म्हणजे गोपाळरावांचा नातू. गोपाळराव कमिटीचे अध्यक्ष, झाशीतल्या जुन्या मराठी घराण्यातले. तन्वी हसून सोडून द्यायची. बापाला मात्र ते सोडवेना.

मित्रांनो, ऐका आता. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी कमलाकरांनी मला एकटीला लेथवर चढवलं आणि माझं भोक विसाचं बावीस केलं. दोन मिलिमीटर! नखाएवढंही नाही, पण इंजिनाला तेवढं खूप झालं. मग ताटात मला ओळखून लेकीच्या हाताशी सरकवता यावं म्हणून माझ्या काठावर त्यांनी हळदीचं बोट टेकवलं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, ते मी जवळून पाहिलं.

नवमीला गोपाळरावांच्या ओसरीत सगळ्या हत्यारांची पूजा असते. पाने, हातोड्या, व्हर्नियर, भोक तपासायचं गेज आणि आम्ही बारा जणी. पूजा झाली की ताटातून ज्यानं त्यानं डोळे मिटून एकेक चकती उचलायची, घरी नेऊन बसवायची, दुसऱ्या दिवशी शर्यत. सुरू होण्याआधी प्रत्येक गाडीत गेज घालून बघायचं, हा शिरस्ता.

"या खेपेला गेज राहू द्या देवापुढे," कमलाकर म्हणाले. "पुजलेलं हत्यार सीमोल्लंघनाआधी उचलू नये. मी काल सगळ्या मोजल्यात."

गोपाळराव खूश झाले. "वा, कमलाकरजी! आजकाल कोण पाळतं एवढं?"

राधाबाई, गोपाळरावांची बायको, मोठ्या मायेची बाई. तिनं कुणाला वगळलं नाही. बाराही चकत्यांच्या काठांना तिनं सारखी हळद लावली, वर कुंकू वाहिलं. कमलाकरांची खूण त्यात कुठल्या कुठे गेली! आपली पाळी आली का, म्हणून तन्वीनं डोळे किलकिले करून बापाकडे पाहिलं. बाप घाम पुसत होता. तिनं चकती उचलली. ती विसाची होती, वरचं कुंकू झडलं तेव्हा कमलाकरांनी नुसत्या नजरेनं ओळखलं. बाकीच्यांनी आपापल्या चकत्या खिशात घातल्या. मी पियुषच्या खिशात गेले.

दसऱ्याच्या सकाळी कमलाकर गोपाळरावांच्या दारात उभे. "एकदा गेज घालून बघू या का?"

"काल तुम्हीच सांगितलंत ना, संध्याकाळपर्यंत उचलायचं नाही म्हणून?"

"हो, पण..."

"पण काय?"

मित्रांनो, तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी एक चकती खराब केली आहे, एवढंच. बारा गाड्या थांबल्या असत्या. "काही नाही," कमलाकर म्हणाले आणि झेंडा धरायला गेले.

शर्यत सुरू झाली. पियुषला काय ठाऊक! "आज तो उड़ रही है!" तो ओरडत होता. मी पोट भरून हवा ओढत होते आणि खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी शिव्या देत नव्हतं. सातव्या फेरीत तन्वीनं आरशात पाहिलं. गेल्या वर्षीचा पहिला म्हणून पियुष सगळ्यांत मागून सुटला होता, अजून लांब होता. तिनं नेहमीसारखं वळण घेतलं. पण मागचा नेहमीसारखा नव्हता. त्याचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकावर चढलं, गाडी उडाली आणि तिच्या गाडीच्या नाकावर आपटली. अशा गाडीत चालवणाऱ्याचे पाय नाकातच असतात.

पियुषला खरचटलं. तन्वीचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

संध्याकाळी, सीमोल्लंघन झाल्यावर, देवापुढचं गेज उचललं. मला पियुषच्या इंजिनातून काढलं. मोजणार कोण? कमलाकरच. गेज माझ्यात खडखडलं. "बावीस," ते म्हणाले. त्याहून जास्त एक अक्षर नाही. लोकांनी बाकीचं स्वतःच ठरवलं. पियुषला चोर म्हटलं, हत्यारा म्हटलं, सीपरी बाजारात त्याला बसायला कुणी खुर्ची देईना. गोपाळरावांनी अध्यक्षपद सोडलं आणि नातवाशी बोलणंही सोडलं. कमलाकर सगळं पाहत होते आणि लेकीसाठी फळं कापत होते.

तन्वी घरी आली तेव्हा मी टेबलावर होते. तिनं मला उचललं, माझ्या भोकातून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा. माझ्या वाढवलेल्या भोकाचीही धार आतून घासून बोथट केलेली आहे, बोटाला लागू नये म्हणून. तशी सवय झाशीत एकाच माणसाला. तिनं मला रुमालात गुंडाळून ठेवलं.

पुढच्या खंडेनवमीला तिनं गोपाळराव, राधाबाई आणि पियुषला घरी बोलावलं. आले बिचारे, मान खाली घालून. ताटात दोनच वस्तू होत्या: मी आणि गेज.

"बाबा, हळद लावा."

त्यांनी लावली.

"आता मोजा."

"आज हत्यार उचलायचं नसतं, तन्वी."

"उचला!"

गेज खडखडलं. "बावीस."

"हे कानशीचं काम नाही. लेथचं आहे. कुणाच्या लेथचं?"

कमलाकर खाली बसले. "मी खूण केली होती गं. हळदीची. तुला मिळावी म्हणून, तुझ्यासाठी."

राधाबाईंनी स्वतःच्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं. पियुष उठला. "सालभर, काकाजी," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला. गोपाळराव त्याच्यामागे धावले, त्याला हाका मारत. तो थांबला नाही.

तन्वीनं कुबडी ओढली. "माझ्यासाठी," ती म्हणाली. मग तिनं मला खिळ्यावर टांगलं, बापाच्या जेवायच्या जागेसमोर.

तिथेच आहे मी. मला पुसा, तेल लावा, असं मी मागत नाही, मित्रांनो. मला मोजा. आणि ज्यानं मला घडवलं, त्याच्या हाती गेज देऊ नका. रोज दोन वेळा कमलाकर घास घेतात आणि माझ्याकडे बघत चावतात. तन्वी त्यांना पान सोडून उठू देत नाही.